उतारावरची पहिली खेप

सोमवार, ता. ९ डिसेंबर

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिलेत, फार मनावर घेऊ नकोस.

तुझं पत्र पोचलं. मी फोन उचलत नाही म्हणून पत्र पाठवलंस, बरं केलंस. कागदावर तुला मध्येच विषय बदलता येत नाही. आई बरी आहे. तुझी रोज आठवण काढते. माझी काढत नाही, मी घरातच असते ना.

सहा नवे ट्रेलर घेतलेस, सगळे ऑटोमॅटिक, आणि आता विचारतोस, "ताई, निवड बरोबर केली ना?" वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण केलीस बरोबर. मागे एक विक्रेता तसली गाडी खाणीवर दाखवायला घेऊन आला होता, ती मी स्वतः चालवली. पायाखाली क्लचच नाही! डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा सोडली, तर वीतभरही मागे आली नाही. वर पोचले, गाडी बंद केली आणि ढसाढसा रडले. विक्रेत्याला वाटलं, काहीतरी मोडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपण पुन्हा कधी चालवणारच नाही.

गियरवाल्या गाडीचंही आपलं एक असतं. रस्त्यात बसली तर कुठलाही मिस्त्री ती उठवतो. ऑटोमॅटिक बसली की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत माश्या मारायच्या. शिवाय गियरवाली ही चालवणाऱ्याइतकीच शहाणी. तो शहाणा असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. नसेल तर, जाऊ दे.

आता कामाचं. खाणीचा नियम तुला पाठ असेल, तरी लिहिते, म्हणजे नंतर "मला कुणी सांगितलंच नाही" नको. दगड वाहायचं काम ज्याला हवं, त्या गाडीमालकाने पहिली भरलेली खेप स्वतः खाली उतरवायची. आमच्या म्हाताऱ्या मालकांनी घातलेला नियम आहे. ऑफिसात बसून "अजून एक खेप मार" म्हणणाऱ्याला तो उतार एकदा बुडाखाली कळावा, म्हणून. शेजारच्या सीटवर खाणीचा वाहतूक प्रमुख बसतो. सध्या ती मी आहे.

तुझी विनंती अशी की ही खेप तुझ्या नव्या ऑटोमॅटिकने करू द्यावी, कारण कंबर धरली आहे. तुझ्या बायकोनेही निरोप पाठवला, "ताई, यांना हल्ली गियरवाली झेपत नाही हो." हल्ली! मी इतकी हसले की निरोप आणणारा ओशाळला.

हल्ली कसली रे? कधी झेपत होती?

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन कागद फाडले. पण उतार तोच आहे छोट्या, आणि मी रोज तिथेच उभी असते, मग किती दिवस गिळायचं?

अप्पांचा एकच धडा होता. ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर, आणि तो उतार लागण्याआधी, वरच टाक. त्या दिवशी तू टाकला नाहीस. डिझेल वाचवतो म्हणालास, उतार लागताच गाडी न्यूट्रल केलीस आणि ती सुटली तशी खिदळायला लागलास. मी शेजारी बसून "गियर टाक, गियर टाक" म्हणून घसा फोडत होते. तू दांडा खेचत राहिलास, गियर पडेना, ब्रेक जळल्याचा वास आला. मग तू स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर घेतलेस. मी आडवी होऊन स्टिअरिंग ओढलं आणि गाडी डोंगराला घासली. माझ्या बाजूने घासली, कारण तुझ्या बाजूला दरी होती. तुला खरचटलंसुद्धा नाही. माझा डावा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही.

इथवर चूक होती. चालवणाऱ्याच्या हातून चूक होते, ती मी केव्हाच माफ केली असती.

पण मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना तू बाहेर अप्पांना सांगितलंस, "ताई चालवत होती." मी शुद्धीवर आले तेव्हा निकाल लागून गेला होता. मी खरं सांगायला गेले तर अप्पा म्हणाले, "स्वतःचं पाप धाकट्याच्या माथी मारू नकोस." गाड्या तुला, धंदा तुला, आणि मला स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटर. लोकांना क्लचप्लेटा विकत बसले, बघ नशीब! अप्पा गेले तेही तसंच समजून. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हिच्या हौसेपायी माझा मुलगा मरता मरता वाचला." तू समोर बसून चहा पीत असतोस. एकदाही कप खाली ठेवला नाहीस.

तेव्हा ऐक. पहिली खेप कुठल्या गाडीने करायची, ते नियमात नाही. म्हणजे ते मी ठरवते. बाकीचे मालक आपापल्या गाडीने उतरले. तुझ्यासाठी मी खाणीची जुनी गियरवाली काढली आहे. आमच्या खाणमालकांना विचारलं, तर म्हणाले, "याच्या बापाने या उतारावर जन्म काढला, याला काय अवघड?" मी मान डोलावली. ब्रेक नवे घालून घेतलेत, मी स्वतः तपासलेत. मला तुझा जीव नकोय, तुझी बोबडी वळलेली बघायची आहे. हे काम गेलं तर सहाच्या सहा गाड्या दारात उभ्या राहतील, हेही मला ठाऊक आहे. म्हणून तर इतकी वर्षं तोंड दाबून थांबले. सूड म्हण, मीही त्याला दुसरं नाव देणार नाही.

एक वाट मात्र ठेवली आहे. बुधवारी, तुझ्या खेपेच्या दिवशी, सकाळी मी आईला घेऊन वर येते. तिच्यासमोर उभा राहा आणि त्या दिवशी कोण चालवत होतं ते सांग. जरा मोठ्याने, तिला हल्ली कमी ऐकू येतं. सांगितलंस तर तुझी ऑटोमॅटिक लाव आणि खुशाल उतर, काम तुझं. नाही सांगितलंस तर गियरवालीची किल्ली मी तुझ्या हातात देईन आणि आई कठड्याशी उभी राहून बघेल. मग तो गियर तू कुठे टाकतोस, वर की अर्ध्यावर, ते तिच्या डोळ्यांना दिसेल.

ऑटोमॅटिक की गियर, तूच विचारलं होतंस. आता तूच निवड.

बुधवारी दोन्हीपैकी कुठल्याही गाडीत तुझ्या शेजारी बसणारी,
ताई