चढवणीची मजुरी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात खारघरच्या एका गॅरेजमध्ये मला तुमचा असा राग आला की हातातला चहा मी अर्धा तसाच टाकला. कारण साधंच होतं. माझ्या जुन्या गाडीचं इंजिन खाली उतरवायचं होतं. ही गाडी मी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतली. मी ती चालवतो कमी आणि पुसतो जास्त, म्हणून तुमची सून तिला ‘देव्हारा’ म्हणते. गॅरेजवाला तरुण आहे, गोड बोलतो, आणि तोंडासमोर उभा राहून बोलतो म्हणून मला आवडतो. म्हणाला, “काका, इंजिन उतरवायचं नि परत बसवायचं लेबर वेगळं, पार्ट्सचं वेगळं. लेबर आधी द्यावं लागेल.” मी म्हटलं, “आणि बसवल्यावर गाडी नीट बोललीच नाही तर?” तो हसला. “बोलेल ना काका. टेन्शन कशाला घेता?” मी पैसे दिले, त्यानं खिशात घातले आणि पान्याला हात घातला. झालं. काम करणाऱ्यानं मजुरी मागितली, करून घेणाऱ्यानं दिली. इतकं सोपं असतं हे, अण्णा! तुम्हाला ते जन्मात जमलं नाही, आणि त्याची किंमत आईनं मोजली.

कळंबोलीची आपली शेड आठवते. पोलाद बाजार तेव्हा नुकता वसत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक उभे, मधे चिखल, आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मेहेरबानीवर उभे असलेले आपले पत्रे. पुढे गॅरेज, मागे आपण, आणि मधे भिंत म्हणून एक ताडपत्री टांगलेली. मी तळोज्याच्या एका कारखान्यात कारकून होतो, रविवारी तुमच्या हाताखाली कप्पीची साखळी ओढायचो. तुम्ही पुढे डिझेलनं इंजिन धुताय, मागे आई ड्रायव्हर लोकांसाठी पोळ्या लाटतेय. ताडपत्रीआडून तिचा आवाज येतो, “अहो, माझ्या पोळ्यांना तुमच्या डिझेलचा वास येतोय.” तुम्ही म्हणता, “डायवर लोक तर आवडीनं खात्यात.” लगेच उलट उत्तर, “त्यांच्या नाकात दुसरा वास शिल्लक असेल तर ना!” तुम्ही हसता. ती हसत नाही. तिला भिंत हवी होती, अण्णा. खरी, विटांची. बाकी काही तिनं तुमच्याकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि तुमचा तो रिवाज! सगळ्या कळंबोलीत तसा दुसरा कुणाचा नव्हता. इंजिनाची मजुरी तुम्ही दोन भागांत घ्यायचात. एक उतरवणी, एक चढवणी. उतरवणीचे पैसे इंजिन खाली आलं की त्याच दिवशी. चढवणीचे मात्र इंजिन जागेवर बसून, फाउंडेशनचे बोल्ट आवळून, गाडी चालू झाल्यावर. आणि तेही गाडीचा मालक स्वतः स्टिअरिंगवर बसून, कान देऊन, “हां, हीच माझी गाडी” असं म्हणाला तरच. “चढवणीची मजुरी कानाची,” असं तुम्ही म्हणायचात. “हाताची उतरवणीतच मिळाली.” मला त्या वयात हे फार सुंदर वाटायचं, हे कबूल करतो. शाळेतल्या कविता मनात घोळवत फिरणारा मी. मला कुठेही वृत्त ऐकू यायचं. एकदा एका मोटारीचं इंजिन इतकं संथ लागलं होतं की मी म्हटलं, “अण्णा, हे भुजंगप्रयातात चाललंय.” तुम्ही दचकून बॉनेटमध्ये डोकं घातलंत. “म्हंजी? मिसिंग हाय का?” आपण दोघं किती हसलो होतो! तेवढ्या एका हसण्याच्या जोरावर मी पुढची कितीतरी वर्षं तुमच्याबद्दल कडवट बोललो नाही. आता बोलतो.

वकीलसाहेबांची गाडी आली तेव्हा हिवाळा होता. जुनी विलायती मोटार, त्यांच्या वडिलांच्या वेळची, पुण्याच्या रस्त्यावर बंद पडली आणि दोरीला बांधून आपल्या दारात आणली गेली. साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, बोलणं मोजकं. गाडीच्या दाराला हात लावून म्हणाले, “वडील घरी आले की मी आवाजावरनं ओळखायचो. तो आवाज परत आणा, दुसरं काही नको.” तुम्ही मान डोलावलीत. मी तेव्हाच समजलो की आता हे अण्णांचं काम राहिलं नाही, व्रत झालं. ट्रकची कामं बाजूला पडली. पार्ट मिळेना तेव्हा तुम्ही लेथवाल्याकडे बसून घडवून घेतलात. इंजिनाखालचे फाउंडेशनचे रबर कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेत. इंजिन पुन्हा चढलं, आणि ज्या सकाळी ते पहिल्यांदा बोललं तेव्हा आईसुद्धा हाताला पीठ लागलेलं असताना ताडपत्री बाजूला करून बघायला आली. एवढ्या मोठ्या कामाची चढवणी, अण्णा! ती मिळाली की नव्या वसाहतीतल्या गाळ्याचा शेवटचा हप्ता भरला जाणार होता. पुढे शटर, मागे खोली, मधे भिंत. आई तो गाळा बघून आली होती. चूल कुठे, देव कुठे, सगळं तिनं बोटानं हवेत आखून मला दाखवलं होतं.

आणि मग साहेबांचा ड्रायव्हर पैसे घेऊन आला. मी तिथेच होतो. पाकीट त्यानं तुमच्यापुढे धरलं. “साहेबांनी सांगितलंय, सगळे पैसे द्यायचे आणि गाडी घेऊन यायचं. बस.”

“साहेब कुटं हायत?”

“ते नाय येत आता कुठे. तब्येत बरी नसते.”

“मग बरी झाल्यावर येऊ द्यात. गाडी न्यायची तर ने. पैसे त्यांनी ऐकल्यावर.”

“अहो मिस्त्री, पैसे परत नेले तर साहेब मला काय म्हणतील? चोरले म्हणतील! आणि पैसे न देता गाडी नेली तर त्याहून वाईट.”

“मग गाडी बी राहू दे,” तुम्ही म्हणालात, आणि हात पुसायला लागलात. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी ताडपत्रीकडे बघितलं. तिच्यामागे लाटण्याचा आवाज थांबला होता. “अण्णा, घ्या ना,” मी म्हटलं. “हप्त्याची तारीख आहे.” तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मीच परका, दोरीला बांधून आणलेला. “तू तुजं भुजंग बघ,” म्हणालात. हे शब्द मी विसरलेलो नाही. पैसे आपल्या दारातून, उन्हात, चालत परत गेले. तारीख गेली. गाळा दुसऱ्याला मिळाला. त्या दिवसापासून आईनं डिझेलच्या वासाची तक्रार बंद केली. तुम्हाला वाटलं, तिला सवय झाली.

पुढचं तर मला आजही आठवू नये असं वाटतं. तुम्ही ड्रायव्हरपाशी निरोपावर निरोप धाडलेत, साहेबांनी यावंच म्हणून. शेवटी ते आले. काठी टेकत, खाली बघत. ट्रकवाली चार माणसं गोळा झाली, कारण त्या गाडीचं कौतुक सगळ्यांना होतं. तुम्ही साहेबांना स्टिअरिंगवर बसवलंत, बॉनेट उघडं ठेवलंत, सेल्फ मारलात. काय लागली होती गाडी! खोल, गोल, घरी परतणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा आवाज. साहेब तुमच्या तोंडाकडे बघत होते. बघत राहिले. मग म्हणाले, “करा ना चालू. कशाची वाट बघताय?”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. ड्रायव्हर माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “गाडी इथं आली नि मागनं कान गेले त्यांचे, आता काहीच ऐकू येत नाय. म्हणून तर येत नव्हते. मी सांगितलं होतं ना, घ्या पैसे!” तुम्हाला तेव्हा कळलं. तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही त्यांचा हात धरून त्यांना उठवलंत आणि त्यांचा तळवा इंजिनाच्या वरच्या अंगाला टेकवलात. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, डोळे मिटून. मग त्यांनी कोटाच्या खिशातून ते पाकीट काढलं. आणि तुम्ही हात जोडलेत, अण्णा. “न्हाई साहेब. तुमी ऐकलं न्हाई.” बहिऱ्या माणसाला! त्यांना शब्द कळले नसतील, पण जोडलेले हात दिसले. त्यांनी दोनदा पाकीट पुढे केलं. तुम्ही दोनदा मागे सरलात. पाकीट खिशात परत घालताना त्यांना खिसा सापडेना. मग ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि ड्रायव्हरनं गाडी नेली.

आईनं त्या दिवशी तुम्हाला वाढलं आणि म्हणाली, “आता त्यांना ऐकायचं मशीन घेऊन द्या. आपल्या खर्चानं.” तुम्ही जेवत राहिलात.

मी तुम्हाला विचारतो, ही कसली सचोटी? ज्या माणसानं आपलं दुखणं घरात लपवलं होतं, त्याला तुम्ही ओढून आणलंत, चार लोकांत उघडं पाडलंत, आणि वर त्याला आपल्या हातानं देण्याचं समाधानही घेऊ दिलं नाहीत. तुमचा रिवाज सोन्यासारखा झळकत राहिला. त्याला मुलामा आमच्या घराचा होता. लोक अजून सांगतात, ‘अण्णांसारखा मिस्त्री होणे नाही.’ मी मान हलवतो. आईला भिंत मिळाली ती माझ्या फ्लॅटमध्ये. भिंत होती, ओटा होता, धूर ओढणारा पंखा होता. लाटणं धरायला तिच्या बोटांत बळ नव्हतं. ती नुसती खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसायची आणि भिंतीवरून हात फिरवायची. हे बघायला तुम्ही नव्हतात. तेही तुम्हाला बरं जमलं.

आज गाडी आणायला गेलो. हे पत्र तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवायचं असं गेला आठवडाभर ठरवत होतो. नाही वाचत. तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, ते बोलून दाखवायची गरज नाही. हा कागद इथेच राहील. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय सांगायला कुणी नाही. डॉक्टरनं दिलेलं कानाचं मशीन माझ्या टेबलाच्या खणात पडून असतं. ते लावून गॅरेजमध्ये जायची मला लाज वाटते. त्या पोरानं सेल्फ मारला. गाडी चालू झाली हे मला सायलेन्सरच्या धुरावरून कळलं. त्यानं अंगठा वर करून विचारलं, “काका, आवाज ओके?” मी म्हटलं, “एकदम.” मग बॉनेटवर तळवा ठेवला आणि लघुगुरू शोधत राहिलो. नुसती थरथर लागत होती, वृत्त काही सापडेना. पोरगा दुसऱ्या गाडीकडे वळला. त्याला त्याची मजुरी मिळालीच होती. आणि अण्णा, मी तिथे उगाच उभा राहिलो, बराच वेळ, तो मागे वळून विचारेल म्हणून, “काका, खरंच ऐकलंत का?”