मूळ कॅसेटवरचं अक्षर

अण्णा, तुमची मुलगी अजून गाणीच विकते. हे आधी सांगून टाकते, कारण हे सांगताना मला छाती फुगवता येते आणि पुढचं सांगताना येणार नाही. मोहोपाड्यातलं आपलं दुकान कधीच गेलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. मी कर्जतला घरातल्या एका खोलीत बसून विकते. शटर नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक इंटरनेटवरून येतं, गाणं ऐकून बघतं, आणि मी त्याला कॅसेट नाही, फाईल देते. जुन्या कॅसेटी, जुनी रिळं मशीनवर लावायची, त्यातला आवाज जितका बारीक मोजता येईल तितका बारीक मोजून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा. त्याला हाय-रेझोल्यूशन म्हणतात. फाईल मोठी असते, किंमतही जास्त असते, आणि जिथे किंमत जास्त तिथे लबाडी आलीच. काही बहाद्दर मोबाईलवरचं फुटकळ गाणं घेतात, कॉम्प्युटरवर त्याची फाईल फुगवतात आणि वर हाय-रेझोल्यूशन असं ठोकून विकतात. अर्धा लिटर दूध दहा लिटरच्या पातेल्यात ओतलं म्हणून ते दहा लिटर होतं का? पण गिऱ्हाइकाला नुसतं पातेलं दाखवायचं, की झालं काम.

मी तसं करत नाही, आणि म्हणूनच माझं नाव आहे. प्रत्येक फाईलखाली मी लिहिते, हे कशावरून उतरवलं, कोणत्या मशीनवर, कॅसेट किती झिजलीय, आणि कितवी पिढी. तुमचाच शब्द. कॅसेटमध्ये मुळात फार वरचे बारीक आवाज नसतात, मोठी फाईल ते कुठूनही आणणार नाही, आहे ते न गाळता ठेवेल एवढंच, हेसुद्धा लिहिते. धाकटा म्हणतो, "तायडे, तू विकतेस का गिऱ्हाईक पळवतेस?" पण लोक पळत नाहीत, अण्णा. लांबलांबचे लोक एकमेकांना सांगतात, त्या बाईकडून घ्या, ती आहे तेच लिहिते. हे ऐकलं की मला वाटतं, तुम्ही कारखान्यातून सुटून आलेल्या खाकी कपड्यांत इथे खुर्चीवर बसलेले असायला हवे होतात.

तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात की आपलं दुकान खऱ्या अर्थाने उघडायचं. तोवर मी नुसती धूळ झटकत बसायची. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तुम्ही आधी डेकची हेडं पुसायचात, मग चहा. कार्यक्रमात तुम्ही स्वतः भरून आणलेली कॅसेट ती मूळ, म्हणजे पहिली पिढी. तिच्यावरून केलेली ती दुसरी. दुसरीवरून केलेली तिसरी, ती गिऱ्हाइकाची. प्रत्येकीच्या कागदावर निळ्या शाईने पिढी लिहिलेली असायची. बाजारात दुसरं कोणी हे लिहीत नव्हतं. एकदा एका माणसाने विचारलं, ओरिजिनल आहे का, आणि मी सतरा वर्षांची शहाणी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं, "एकदम ओरिजिनल." तुम्ही डेकवरून मान वर केलीत. "तिसऱ्या पिढीला मूळ म्हनतेस? उद्या कुनी तुज्या आजीला तुजी बहीन म्हनलं तर चालंल का गं तुला?" माणूस खो खो हसला. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. तुम्ही त्याला सांगितलंत, "तिसरी हाय, वाईच दबका आवाज येतो. घ्यायची तर घ्या." त्याने दोन घेतल्या. तो पुढे कित्येक वर्षं आपलाच राहिला, शेजारच्या दुकानात दोन रुपये कमी असूनसुद्धा.

आणि तरीही, अण्णा, त्याच वर्षी मी ते केलं.

लोधिवलीच्या गायन पार्टीची ती कॅसेट. जयंतीच्या कार्यक्रमात बांबूला माईक बांधून तुम्ही भरली होतीत. गाणारी मावशी शेतावर मजुरी करणारी, पेटीवाला तिचा नवरा. तुम्ही म्हणायचात, "असा आवाज ह्या पट्ट्यात परत व्हनार नाय." ते मूळ तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात. गिऱ्हाइकासाठी त्याला हात लावायचा नाही, दुसरीवरून काम करायचं, हा नियम. एका दुपारी तुम्ही कामावर असताना कारखान्याच्या कॉलनीतले एक साहेब आले. गुरुवारी नेलेली कॅसेट परत आणलेली, "आवाज बसका आहे, तुमच्याकडे चांगली नाहीच वाटतं." मला राग आला. आमच्याकडे चांगली नाही? थांबा, दाखवते. मी डबा उघडला आणि मूळ कॅसेट डेकला लावली. हेडं पुसली नव्हती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज रडल्यासारखा झाला, आणि मी झाकण उघडेपर्यंत डेकने रीळ खाल्लं होतं. पेन्सिल घालून सोडवायला गेले, तर तुटलं. अर्धं अधिक चुरगळलेलं, मधेच दोन तुकडे. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "उद्या येतो."

मी ते रीळ घरी नेऊन चुलीत घातलं. आईला वाटलं कचरा आहे. मग दुसऱ्या पिढीची कॅसेट मूळच्या डबीत ठेवली. तिच्यावर नवा कागद चिकटवला आणि निळ्या शाईने, तुमचं अक्षर गिरवून, तुमच्यासारखा पोट सुटलेला ळ काढून लिहिलं, "मूळ". तिच्यावरून एक नवी कॅसेट भरली आणि तिला लिहिलं, "दुसरी". तुम्ही संध्याकाळी आलात, कापूस स्पिरिटमध्ये बुडवलात, आणि तुम्हाला काहीच कळलं नाही. मी कितीदा म्हणाले स्वतःला, आज सांगते, शनिवारी सांगते. बोलायला गेले की तो आजीचा टोमणा आठवायचा आणि जीभ चिकटायची.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी आज लिहीत बसले नसते. पुढच्या वर्षी मावशी स्वतः दुकानात आली. घसा बसलेला, गाणं सुटलेलं. म्हणाली, "भाऊ, माझा आवाज एकदा आयकव." तुम्ही किती हौसेने डबा काढलात, स्टूल दिलंत, मला चहा सांगायला पाठवलंत. मी परत आले तेव्हा ती कान डेकजवळ नेऊन ऐकत होती. "भाऊ, हा माझा आवाज नाय रं. माझा असा नाकात दाबल्यावानी नव्हता." आणि तुम्ही, आयुष्यात कोणाला तिसरीची दुसरी म्हणून न विकलेले तुम्ही, समजुतीने म्हणालात, "ताई, ही मूळ हाय. मशीन खोटं बोलत नाय. आपल्यालाच आपला आवाज मोठा वाटतो." ती स्टुलावरून उठली. चहा अर्धा ठेवून गेली. मी कप उचलला आणि काही बोलले नाही. तुमच्या तोंडून तेवढं एक खोटं बाहेर पडलं, आणि ते मी तुमच्या तोंडात घातलं होतं.

आता ऐका. गेल्या पावसाळ्याआधी मी ती कॅसेट विक्रीला लावली. डबीवरच्या कागदाचा फोटोसुद्धा टाकला, खाली लिहिलं, "वडिलांच्या हस्ताक्षरात". अक्षर माझं होतं, तरी मी ते तुमचं म्हणून वाचलं. तीस वर्षं एखादं खोटं सांभाळलं की ते घरातलंच माणूस होतं. लोकांना गाणी फार आवडली, माझ्या यादीतली सगळ्यात जास्त गेलेली फाईल तीच. मग एका सकाळी मी पोहे परतत असताना नागपूरच्या एका काकांचा फोन आला. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, माझ्याकडून जवळजवळ सगळं घेतलेले. फार संकोचून बोलले. "ताई, राग मानू नका. एरवी तुम्ही सुरुवात कापता, ह्यात ती राहिलीय. गाणं सुरू व्हायच्या आधी ऐका. आधी थोडी खरखर येते, मग टक् होतं आणि खरखर एकदम दाट होते. मूळ कॅसेटमध्ये खरखर एकदाच सुरू होईल. ही दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेली आहे, तिची खरखर हिच्या खरखरीत मिसळलीय. वडिलांकडून लिहिताना चूक झाली असेल."

पोहे करपले. वडिलांकडून चूक! मी म्हटलं, "बघते काका," आणि फोन ठेवला. हेडफोन कानाला लावून ऐकलं. दोनदा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? तिथेच होतं सगळं, टक्, आणि मग ती दाट खरखर. धाकट्याला सांगितलं, तो साजगावला कामावर जायला निघाला होता. त्याला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. बूट घालता घालता तो थांबला. मग म्हणाला, "गाणं तेच हाय ना? अण्णांकडून चुकून लिवलं गेलं म्हन आणि मिटव. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी इतकी भडकले की त्याचा डबा घरीच राहिला. म्हटलं, फरक पडतो रे. माझ्या धंद्यात विकायला दुसरं आहे काय? आवाज कोणीही विकतो. मी विकते तो खालचा मजकूर, आणि तो मजकूर तुमचा आहे. तुमच्यावर ढकलून माझी पत वाचली असती, पण कुणाच्या जिवावर?

त्या दुपारी मी फाईल यादीतून काढली आणि ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्या प्रत्येकाला लिहिलं. ही मूळ कॅसेट नाही, दुसरी पिढी आहे. मूळ माझ्या हातून मशीनमध्ये तुटली आणि मी ती जाळली. कागदावरचं अक्षर वडिलांचं नाही, मी त्यांची नक्कल करून लिहिलेलं आहे. त्यांना हे कधीच माहीत नव्हतं. ज्यांना फाईल नको असेल त्यांनी कळवावं, पैसे परत देईन. बटण दाबलं. वाटलं, संपलं, पंधरा वर्षांची कमाई गेली. काही जणांनी खरंच परत केली. एकाने दोन ओळी लिहिल्या, आता तुमच्या बाकीच्या फाईलींवर विश्वास कसा ठेवायचा? बरोबरच आहे त्याचं. मी त्याला प्रत्येक कॅसेटची सुरुवातीची खरखर न कापता पाठवली, स्वतः ऐकून बघा म्हटलं. आता सगळ्याच फाईलींना ती ठेवते. काकांनी फोन केला नाही, पण आठवड्याने त्यांच्या ओळखीच्या तिघांची मागणी आली. ती फाईल मी परत लावली, "दुसरी पिढी" लिहून, त्याच किमतीला नाही, कमी.

पण ज्या बाईचा आवाज होता तिला फाईल नको होती, अण्णा, तिला उत्तर हवं होतं. मी लोधिवलीला गेले. मावशी आता बाजेवरून फारशी उठत नाही, कान मात्र शाबूत. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, डेक, चूल, निळी शाई. मला वाटलं शिव्या घालेल. ती हाताचा आधार घेऊन बाजेवर उठून बसली. मग सुनेला हाक मारली. "अगं ए, आयकलंस का? ती कॅसेट खोटी व्हती! माझा आवाज तसा नव्हता!" सून पदराला हात पुसत आली, तिला काही कळेना. मावशी तिला परत परत सांगत होती, "भाऊ म्हनला मूळ हाय, तवा मी गप बसले. भाऊ कदी खोटं बोलायचा नाय, म्हून मला वाटलं, मीच लई समजत व्हते सोताला. इतकी वर्षं!" आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझंही तेच. मग माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "लई उशीर केलास गं पोरी. पर बापाचं नाव राखलंस. त्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, मावशी, ते गेले की. "मंग काय झालं? सांग त्याला."

म्हणून हे लिहिलं. पोस्टात टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी धीर झाला असता का, कोण जाणे. घरी आल्यावर धाकट्याने विचारलं कसं झालं, आणि मावशीचं वाक्य मी त्याला दोनदा ऐकवलं, बापाचं नाव राखलंस. अण्णा, मी खूप ताठ मानेने ऐकवलं. लोकही मला आता तेच म्हणतात, बाई खरी, स्वतःहून सांगितलं. मी त्यांना थांबवत नाही. पण काकांच्या कानाला ती खरखर ऐकू आली नसती, तर मी कोणालाच काही सांगितलं नसतं.