मास्तरीणबाईंचा डबा आणि कुलूपबंद पान

३ मार्च, सोमवार
आले: ताईकडून पार्सलने जुना लॅपटॉप एक, बॅटरी मेलेली (फुकट, हमाली चाळीस). माउस एक, दोनशे दहा. मॅक्रो, म्हणजे संगणकाला एकदाच लिहून द्यायचा हुकूम, शिकवणारं पुस्तक, रद्दीवाल्याकडून, पंधरा. शेवटची पानं नाहीत. तिथवर जायची वेळ येणार नाही. मॅट्रिकला गणितात एकसष्ट होते.

तळमजल्यावर मास्तरीणबाई एकट्या. पाय मोडल्यापासून अंथरुणावर. मला मॅट्रिकपर्यंत त्यांनीच शिकवलं. बिल्डिंगमधली बारा घरं पाळीपाळीने त्यांना दुपारचा डबा देतात. पुतण्या बजावून गेलाय, महिन्यात एक दिवस जरी डबा चुकला तरी एक तारखेला वृद्धाश्रमात नेतो. त्यांना जायचं नाही.

पाळ्या आजवर दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली तोंडी सांगायची. आता मी, संगणकावर. चुकायला जागाच नाही.

५ मार्च, बुधवार
यादी तयार. बटण दाबलं की पाळी एक घर पुढे सरकते. देवाला नमस्कार करून दाबलं. सरकली. डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात ह्यांनी आमचा रविवार खोडून शिवणवालीच्या गळ्यात घातला. म्हणाले, रविवारी आधीच जेवायला दोन वाजतात. पुन्हा लिहिला. उद्या यादीच्या पानाला कुलूप.

६ मार्च, गुरुवार
कुलूप घातलं. पासवर्ड असा की कोणाच्या बापाला सुचणार नाही. लगेच कागदावर उतरवला. व्यवस्थितपणा रक्तातच असावा लागतो.

७ मार्च, शुक्रवार
बटण दाबलं. एरर १००४. पान कुलूपबंद आहे म्हणे. अरे, कुलूप मी घातलं, मॅक्रो मी लिहिला, आणि माझ्याच घरात मला विचारतोस, कोण पाहिजे?

पुस्तकात लिहिलंय: मॅक्रोने आधी कुलूप काढावं, काम करावं, पुन्हा लावावं. सोपं आहे. दुधाला दार उघडतोच की.

९ मार्च, रविवार
मॅक्रो कुलूप काढतो, मध्येच अडखळतो आणि दार सताड उघडं टाकून बसतो. अगदी ह्यांच्यासारखा. आमचा डबा मात्र वेळेवर गेला. ह्यांना जेवायला अडीच.

११ मार्च, मंगळवार
यादीत सात घरांना आजचीच तारीख पडली. मास्तरीणबाईंकडे सात डबे. त्यांनी विचारलं, कोणाचं लग्न ठरलं का गं.

१२ मार्च, बुधवार
आज एकही नाही. शिवणवालीने स्वतःचं ताट खाली नेलं. वर येऊन मला म्हणाली, वहिनी, तुमचं यंत्र जेवत नाही ना, त्याला भूक काय कळणार. मी पुस्तक उघडलं. अभ्यास हेही एक व्रत आहे.

१३ मार्च, गुरुवार
सापडलं. एक ओळ लिहिली की कुलूप फक्त माणसांना, मॅक्रोला मोकळीक. ती ओळ पासवर्ड विचारते. तो मॅक्रोत लिहिला नाही, कोणी वाचला तर? कागदावर पाहून घातला. पाळी सरकली. शिवणवालीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण उद्या कोणाची ते मला माहीतच होतं.

१४ मार्च, शुक्रवार
फाइल बंद करून उघडली. पुन्हा १००४. मोकळीक फाइल बंद होईपर्यंतच टिकते. उपाय पुस्तकाच्या पुढच्या पानावर आहे. ते पान नाही. पुन्हा पासवर्ड घातला आणि ठरवलं, फाइल बंदच करायची नाही. लॅपटॉप रात्रंदिवस चालू. वीज जळते, जीव जळतो. पण धर्मकार्य आहे.

१५ मार्च, शनिवार
टेबल आवरलं. पाठकोऱ्या कागदावर ताईला खुशालीचं पत्र टाकलं. नवा कागद कशाला फाडायचा.

१९ मार्च, बुधवार
खोलीतून निघताना हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. तीस वर्षांची सवय. लॅपटॉप विझला. काळजी नाही, पासवर्ड लिहिलेला आहे.

२० मार्च, गुरुवार
कागद नाही. डबे, गाद्या, देव्हारा, पोथ्या, सगळं पालथं घातलं. पासवर्ड खरंच कोणाला सुचण्यासारखा नाही.

शिवणवाली म्हणाली, यादी वाचता येते ना? मग बोटावर मोजा. मी म्हटलं, बोटावर मोजायचं असतं तर संगणक कशाला आणला असता. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

२१ मार्च, शुक्रवार
दिवसभर पासवर्ड आठवत बसले. शंभर शब्द घालून पाहिले. दोन वाजता खालून पाइपावर काठी आपटल्याचा आवाज. दोनदा, हळूच. नळवाला असेल म्हटलं.

संध्याकाळी कळलं. आज पाळी आमची होती. आणि पुतण्या नेमका आज आलेला. त्याने विचारलं, डबा कुठाय. मास्तरीणबाई म्हणाल्या, आज माझा उपास आहे.

म्हणजे चूक अशी झालीच नाही.

मास्तरीणबाईंनी जन्मात कधी उपास केलेला नाही. भात टाकला आणि गरम गरम घेऊन खाली गेले. त्या जेवल्या. मला काही विचारलं नाही. वर्गातही पाठांतर विसरलेल्या मुलीला त्या कधी विचारत नसत.

२२ मार्च, शनिवार
ताईला टाकलेल्या पत्राची नक्कल:

ती. ताईस, सा. न. मागच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काही अक्षरं आणि आकडे असतील. आपल्या माहेरच्या सवयीप्रमाणे त्या कागदाची तू एव्हाना पुडी बांधली असशील, तर ती सोडून पाहा. फोनवर सांगू नकोस, ह्यांना ऐकू जातं. कार्डावर नको, पोस्टमन वाचतो. बंद पाकिटातून पाठव. तोवर मी शिवणवालीला विचारून बोटावर मोजते आहे. उलट टपाली कळव.