घरी दिलेला अहवाल

सर, परवा तुमचा मुलगा माझ्याकडे आला होता. साताऱ्यात मी ज्या संशोधन केंद्राची प्रमुख आहे तिथे, हातात अर्ज घेऊन, समोर खुर्ची रिकामी असूनही उभा. विट्याच्या कॉलेजात शिकवतो म्हणाला. त्याच्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत याच महिन्यात संपते आहे. मुदतवाढीचा अर्ज केंद्रप्रमुखाच्या शिफारशीसह विद्यापीठात वेळेत पोचला नाही, तर नोंदणी आपोआप रद्द होते आणि एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाते. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला हा नियम तोंडपाठ होता. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या क्षणी तुम्ही जिवंत असायला हवे होतात असं मला फार वाटलं. मी त्याला बस म्हटलं नाही.

मी तुम्हाला आठवत असेन का, शंकाच आहे. जत तालुक्यातली मेंढपाळाची पोरगी, भूगोलात एम. ए., मेंढरं घेऊन दरवर्षी घाटाखाली उतरणाऱ्या आमच्याच माणसांवर संशोधन करणारी. सहामाही प्रगती अहवाल विभागात द्यायचा नाही, रविवारी सकाळी सांगलीला तुमच्या घरी आणून द्यायचा, असा तुमचा रिवाज. अहवाल तुमच्या हातात पडायच्या आधी तुमच्या पेपरांचे गठ्ठे तपासायचे, काकूंना स्वयंपाकघरात मटार सोलून द्यायचे, मग चहा. येताना कुणीही रिकाम्या हाताने येत नसे. तासगावचा विद्यार्थी बेदाणा आणायचा, म्हसवडचा बाजरी. माझ्याकडे बघून तुम्ही म्हणाला होता, “जतहून ही काय आणणार, टँकरचं पाणी?” सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

घरी गेल्यावर मी मूर्खासारखं ते वडिलांना सांगितलं. पुढच्या खेपेला वडील माझ्यासोबत येतात. अंगात धुतलेला सदरा, काखेत घरच्या लोकरीचं काळं घोंगडं. चपला फाटकाबाहेर काढून ते तुमच्या व्हरांड्यात उभे राहतात. “आवं सायेब, आमच्या हातचं हाय. लय ऊब धरतंय. पोरीकडं जरा ध्यान ऱ्हाऊ द्या.” तुम्ही घोंगडं दोन बोटांत धरून म्हणता, “अहो, सांगलीत एवढी थंडी कुठे पडते?” नंतरच्या रविवारी ते तुमच्या स्कूटरवर पांघरलेलं होतं, धूळ बसू नये म्हणून. वडिलांनी विचारलं, “वापरत्यात का सर?” मी म्हणाले, रोज वापरतात. खोटं नव्हतंच ते.

त्या वर्षीचे दोन्ही अहवालही मी तसेच तुमच्या हातात दिले, विद्यापीठात पुढे पाठवायचे ते तुम्हीच. तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, “ठेवून जा, बघू.” पुन्हा आले तेव्हा म्हणालात, “पीएचडी म्हणजे मेंढरं हाकणं नव्हे, दमानं घे.” मी दमानं घेतलं. विद्यापीठातून पत्र आलं ते थेट नोंदणी रद्द झाल्याचं. लागोपाठचे अहवाल प्राप्त नाहीत, सबब. मी धावत विद्यापीठात गेले. खिडकीतला कारकून भला माणूस होता. “ताई, अहवाल दिला म्हणतीयास, तर आवक नंबर हाय का? पोच तरी?” माझ्याकडे काहीच नव्हतं. गुरूच्या हातात कागद द्यायचा आणि वर त्याची पोच मागायची, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. तसं केलं असतं तर तुम्ही त्याच रविवारी हाकलून दिलं असतंत.

तुमच्याकडे आले तर तुम्ही दारातच म्हणालात, “नियम मी केलेत का?” पुढच्याच महिन्यात माझ्या रिकाम्या जागेवर तुमच्या कॉलेजच्या संस्थाचालकांच्या सुनेची नोंदणी झाली. एका मार्गदर्शकाकडे ठरावीकच विद्यार्थी असतात, तुमच्याकडच्या जागा भरलेल्या होत्या, कुणाला तरी उठवायला हवं होतं. बेदाणेवाल्याला कशाला उठवाल? मी पुन्हा प्रवेश परीक्षा दिली, साताऱ्यात दुसरे मार्गदर्शक शोधले, पहिल्या पानापासून सुरुवात केली. वडील गावात ज्याला त्याला सांगत फिरायचे, पोरगी डाक्टर व्हनार हाय, सुई टोचनारी न्हवं, दुसरी. लोक विचारायचे, “कवा?” आणि ते माझ्याकडे बघायचे. पदवी मिळाली तेव्हा ते नव्हते. तुम्ही माझी जी वर्षं खाल्लीत, त्यातच ते गेले. याचा हिशेब मी तुमच्याशिवाय कुणाकडे मागू?

तर तुमचा मुलगा. अर्ज हातात घेऊन मी तुमच्याच आवाजात म्हणाले, “ठेवून जा, बघू.” तो हलला नाही. अवघडून म्हणाला, “मॅडम, पोच मिळेल का? राग मानू नका. कुठेही कागद दिला की पोच घ्यायची, ही बाबांची शिकवण.” सर, ही तुमची शिकवण! हसायला तोंड उघडलं तर ओरडेन असं वाटलं, म्हणून मी अर्जावरचं तुमचं नाव वाचत राहिले. त्याने ते भलत्याच अर्थाने घेतलं आणि गोडीत येऊन म्हणाला, “बाबा तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, पोरगी हुशार होती, पण घरच्यांनी लग्न लावून दिलं, तिनं मधेच सोडलं.”

मग मात्र मी त्याला बसवलं. दार उघडंच ठेवलं, बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असं. बेदाणा, बाजरी, घोंगडं, अहवाल, संस्थाचालकांची सून, माझे वडील, एकही गोष्ट सोडली नाही. चाळिशीचा माणूस, पण त्याची मान खाली जात गेली. “मला खरंच माहीत नव्हतं, मॅडम,” एवढंच बोलला. मी म्हटलं, “आता माहीत झालं. घरी आईलाही सांगा.” त्याला पोच दिली, सही, शिक्का, तारखेसह. तुमच्या मुलाच्या मनातली तुमची मूर्ती त्या दुपारी मोडली, हे तुम्हाला कळावं म्हणूनच मी हे लिहायला घेतलं.

तो गेल्यावर मी अर्ज वाचायला बसले. शुल्काच्या पावत्या, सहामाही अहवाल, मार्गदर्शकाचं पत्र, सगळं नियमात होतं. शिफारस लिहिली आणि शिपायाबरोबर त्याच दिवशी विद्यापीठात पाठवली. ऑफिसमधले म्हणाले, मॅडमचं मन मोठं. मी मान हलवली. पण सही करायच्या आधी तो अर्ज मी पुन्हा पुन्हा चाळला, एखादी तारीख चुकलेली, एखादी सही राहिलेली सापडते का ते बघत. सापडली असती तर मी त्याला एका शब्दाने कळवलं नसतं आणि मुदत उलटू दिली असती. त्या कल्पनेने मला किती गोड वाटलं, ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच समजणार नाही.