सरांशी न जुळलेली मांडणी

ग्रेनोबल, फ्रान्स, १२ मार्च १९९६

तीर्थरूप बाबांना सुमेधाचा नमस्कार.

मी बरी आहे, रोज वरणभात करून जेवते.

टायटॅनियम ऑक्साईडच्या अतिसूक्ष्म कणांवर क्ष-किरण सोडले, की ते कसे विखुरतात त्यावरून आतली अणूंची मांडणी कळते. मला मिळालेली मांडणी माझ्या मार्गदर्शक सरांनी आधी लेखात छापलेल्या मांडणीशी जुळेना. घरी पाठवतील या भीतीने आठवडाभर गप्प बसले. सोमवारी सांगूनच टाकलं. सर बराच वेळ आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. दुरुस्तीचा लेख तू लिही." मी तिथेच रडले, बाबा.

त्या कामासाठी शिष्यवृत्ती वर्षभर वाढली, म्हणून मे महिन्यात येणं होणार नाही. आईला तुम्हीच सांगा. तिचा दमा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले, ते माझ्यापासून लपवू नका.

तुमची,
सुमेधा