शेवटची वीस कडवी

पालेंबांग, ३ मार्च १९५६

ती. हालिजाहताईस, ताजुद्दीनचा सा. सलाम.

तू ज्यांना कातड्याच्या चिंध्या म्हणतेस, त्या जुन्या कथाकाव्यांच्या वह्या जमवण्याचं माझं वेड वाढतंच आहे. तुझी भावजय सुहाइला म्हणते, आता स्वतःच एखाद्या वहीत झोपा.

काल मुसी नदीच्या काठी रोगायाहबाईंकडे गेलो होतो. त्या अशा वह्या वाचायला देतात. लाल कातड्याची एक झिजलेली वही उघडली. होडीतून दूर गेलेल्या मुलीची कथा. खाली भरतीचं पाणी घराच्या खांबांना लागत होतं, वाटलं घरच हळूहळू वाहत चाललंय. शेवटी लिहिलंय : ‘पेन्येंगातच्या सुलेमानची मुलगी बदारियाह हिने उतरवून काढली. वाचणाऱ्यांनो, विडा सांभाळून खा.’

ताई, हे आपल्या आईचं नाव! पण ती तर अंगठा उठवते. तिला विचारशील? बाई वही विकायला तयार नाहीत.

तुझा ताजुद्दीन


पेन्येंगात, २१ मार्च

चि. ताजुद्दीनास अ. आ.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई मासे साफ करत होती. सुरी खाली ठेवून तिने विचारलं, विड्याचे डाग पडलेच ना शेवटी?

वही तिचीच. पंधराव्या वर्षी उतरवलेली. मूळ कथेत मुलगी बुडते. आईला ते सोसेना, म्हणून शेवटची वीस कडवी तिने स्वतः रचली आणि मुलीला घरी आणलं. लग्नानंतर बाबा म्हणाले, लिहिणारी बायको परक्यांना चिठ्ठ्या धाडते. तिने लेखणी ठेवली ती ठेवलीच. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी का गप्प राहिलीस, म्हणून मी चिडले. तर म्हणाली, कुणी विचारलंच नाही.

तिची नजर अधू होतेय. काही कर, वही आण. लोभ आहेच, तो असू दे.

हालिजाह


पालेंबांग, ९ एप्रिल

ती. ताईस सा. सलाम.

रोगायाहबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही फडक्यात बांधून दिली. म्हणाल्या, इथल्या बायका त्या वीस कडव्यांसाठीच ती पुन्हा पुन्हा नेतात. वही सोबत पाठवतोय.

ताजुद्दीन


पेन्येंगात, ३० एप्रिल

चि. ताजुद्दीन,

वही पोचली. अक्षर माझंच, पण ते लिहिणारी मुलगी मला नीट आठवत नाही.

वही परत पाठवतेय, रोगायाहला दे. तुझ्या कपाटात नको. तिथे ती कोण वाचणार? बायकांना सांग, मुलगी घरी आल्यावर पुढे काय झालं, ते लिहायला घेतलंय. अंधुक दिसतं, रोज दोनच कडवी होतात.

जाड कागद पाठव. सुनेला आशीर्वाद.

तुझी आई,
बदारियाह