ट्रॅक्टरचं हँडल

कोलशेत,
सोमवार, ता. ५ सप्टेंबर १९५५

ती. परशुरामभाऊजी यांस धाकट्या भावजयीचा नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. कल्याणला सगळे बरे आहात हे ऐकून ह्यांना बरं वाटलं. मला काय वाटलं ते पुढे येईलच. इकडे पोरी शाळेत जातात. म्हैस व्याली, पारडी झाली. भात पोटरीत आहे. ह्यांची जखम भरत आलीय, पण कुबडी काखेत टोचते म्हणून तिला चिंध्या बांधून दिल्यात. नसलेल्या पायाला खाज येते म्हणतात. हात तिकडे नेतात, मग मागे घेतात. मी भाकरीकडे बघत बसते.

ट्रॅक्टर टेपाच्या पायथ्याशी पडला तसाच उलटा आहे. त्याच्यावर वेल चढलेत. येणाराजाणारा विचारतो, तेव्हा हे म्हणतात, "दादाचा अर्धा वाटा मी मातीत घातला."

आणि आता तुम्ही लिहिता, टेपावरचा नाथाचा हिस्सा माझ्या नावावर करून द्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या नुकसानीचं मिटलं, रविवारी कागद घेऊन येतो. पत्र ऐकून हे एवढंच म्हणाले, "दादाचं बरोबर आहे. हँडल मी हरवलं म्हणून हे सगळं झालं." सही करायला तयार आहेत. त्या टेपावर आमची नाचणी, वरी होते, गवत होतं. तो गेला तर एका पायाच्या माणसाने आणि मी काय खायचं, हे तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाही.

तेव्हा भाऊजी, हँडलचंच बोलू. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. मागाहून कळलं नव्हतं म्हणायला नको.

आपला सामाईक ट्रॅक्टर लहान, जुना. पुढून हँडल घालून फिरवल्याशिवाय चालू व्हायचा नाही. अक्षय्यतृतीयेला तुम्ही आलात आणि विकून टाकू म्हणालात. हे म्हणाले, दादा, एवढा हंगाम काढू दे. तुम्ही ताटावरून उठून गेलात. दुसऱ्या दिवशी हँडल जागेवर नव्हतं. ह्यांना वाटलं, आपल्याच हातून टेपावर कुठेतरी पडलं. सगळ्या टेपाचं गवत विळ्याने कापून शोधलं बिचाऱ्यांनी. मग राघो लोहाराकडून एक करून आणलं. त्याची खाच नीट बसेना. सटकलं आणि मनगटावर आलं, आठ दिवस हात सुजला होता.

मग बंद पडलेली मोटार ढकलून चालू करतात, तशी युक्ती काढली. संध्याकाळी ट्रॅक्टर टेपाच्या माथ्यावर तोंड खाली करून लावायचा आणि चाकांना दगड द्यायचे. सकाळी हे वर बसायचे, क्लच दाबून गिअर टाकायचे, मी दगड काढायचे. उताराने थोडा गेला की क्लच सोडायचा, इंजिन धडधडायला लागायचं.

दवाखान्यात चार लोकांसमोर तुम्ही म्हणालात, नाथा पहिल्यापासून बेफिकीर. अहो, कोणाला म्हणता? उतारावर त्यांनी कधी तो आडवा घातला नाही. सरळ वर, सरळ खाली. चढावर पुढचं तोंड उचलतं म्हणून पुढे दगडांचं पोतं बांधायचे. नटबोल्ट आवळल्याशिवाय, तेल बघितल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. उतरताना ट्रॅक्टर कधी गिअरमधून काढला नाही. मला तर हसूच यायचं, म्हशीची नाही एवढी त्याची बडदास्त.

त्या सकाळी सर येऊन गेली होती. मी दगड काढले. ह्यांनी क्लच सोडला, पण ओल्या गवतावर चाकं फिरेचनात, नुसती घसरत गेली. इंजिन लागलं नाही. ब्रेक दाबला तर आणखीच घसरला. बांधाला आदळून आडवा झाला आणि उलटला. पाय खाली राहिला. पुढचं तुम्ही ठाण्याच्या दवाखान्यात येऊन पाहिलंत. संत्री आणली होतीत.

त्यानंतरच्या आठवड्यात जखमेला बांधायला जुनी मऊ धोतरं मागायला मी कल्याणला तुमच्या घरी आले होते. तुम्ही कामावर होता. जाऊबाई म्हणाल्या, ट्रंकेत आहेत, घे तुझ्या हाताने. तळाच्या धोतरात काहीतरी जड लागलं. उलगडलं तर हँडल. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनाही ठाऊक नसावं, निदान मी तसं धरून चालते. त्यांनी ते परत गुंडाळलं आणि मला दुसरी दोन धोतरं दिली. मी चहासुद्धा न घेता निघाले.

तुम्हाला त्यांचा पाय घालवायचा नव्हता, एवढं मला कळतं. ट्रॅक्टर चालूच झाला नाही की भाऊ झक मारत विकायला तयार होईल, असं वाटलं असेल. पण पाय गेल्यावरसुद्धा तुम्ही गप्प बसलात. आणि आता त्याच हँडलच्या नावाने त्यांची जमीन मागता. माझा जीव जळतो भाऊजी. तुमची संत्री मी पोरींना खाऊ घातली, त्याचीसुद्धा मला आता शिसारी येते.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पाय कापणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे रडले नाहीत. मला म्हणाले, "घाबरू नको, दादा आहे." रोज तेच म्हणतात. तेवढंच त्यांच्याजवळ उरलंय, ते मी कसं काढून घेऊ? चाकाखालचे दगड मी काढले, तेवढं पुरे.

रविवारी या. जेवण करून ठेवते. कागद आणू नका. पानावर बसायच्या आधी ह्यांच्या खाटेवर बसा आणि तुमच्या तोंडाने त्यांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर ते माफ करतील, त्यांचा स्वभाव तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी करणार नाही. तुम्ही कागद पुढे केलात, तर ह्यांनी सहीला हात उचलायच्या आत मी सांगेन. मग त्यांना भाऊ राहणार नाही.

ह्यांनी तुम्हाला दंडवत लिहायला सांगितलाय. तो फक्त त्यांचा.

रविवारपर्यंत तुमची भावजय,
बायजा